पाय मुरगळला: पहिल्या दहा मिनिटांपासून लंगडीपर्यंत

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना चालू होता. हार्दिक पंड्या स्वतःच्याच गोलंदाजीवर समोरून आलेला फटका पायाने अडवायला गेला आणि त्याचा डावा घोटा मुरगळला. षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. दुखापत लिगामेंटची होती. एखाद-दुसरा सामना हुकेल असं आधी वाटलं, पण तो स्पर्धेतूनच बाहेर पडला आणि मोठ्या सामन्यांत दिसला तो २०२४ च्या आयपीएलमध्ये. लवकर परतायला जोर लावला म्हणून दुखणं लांबलं, हे पुढे त्याने स्वतःच सांगितलं. त्याच मोसमात, जानेवारी २०२४ मध्ये, हैदराबाद कसोटीत धावताना रवींद्र जडेजाची मांडीमागची शीर ताणली गेली. तो विशाखापट्टणमची कसोटी मुकला, पण १५ फेब्रुवारीला राजकोटला उतरला, शतक ठोकलं आणि दुसऱ्या डावात पाच बळीही घेतले.

डॉक्टर, फिजिओ, एमआरआय सगळं दोघांच्याही हाताशी होतं. तरी एकाला कित्येक महिने लागले आणि दुसऱ्याला तीन आठवड्यांहून कमी. दुखापत किती मोठी यावर बरंच अवलंबून असतंच, पण काय दुखावलंय यावरही असतं.

आपल्या घरांत अशा वेळी दोन प्रश्न ठरलेले: 'फार दुखतंय का?' आणि काही दिवसांनी 'थांबलं का दुखायचं?' दोन्ही प्रश्न फसवे आहेत. पूर्ण तुटलेलं लिगामेंट कधीकधी अर्धवट फाटलेल्यापेक्षा कमी दुखतं. आणि दुखणं थांबतं तेव्हा सांधा पुरता सावरलेला असतोच असं नाही. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर एकच विचारलं आहे: पायाला आत्ता काय जमतंय?

काय दुखावलं, हे आधी ओळखा

हाडाला हाड बांधून ठेवतं ते लिगामेंट. स्नायूला हाडाशी जोडतं ते टेंडन. सांधा नको त्या दिशेला वळला आणि लिगामेंट ताणलं किंवा फाटलं, की आपण म्हणतो मुरगळला, लचकला. स्नायू किंवा टेंडन ताणलं गेलं की म्हणतो शीर ताणली, चमक भरली. शीर म्हणजे इथे रक्तवाहिनी नसते, स्नायूच असतो, पण बोलण्यात 'शीर'च चालतं आणि डॉक्टरांनाही ते कळतं.

वेगळं ओळखायला फार यंत्रं लागत नाहीत. मुरगळलं असेल तर दुखणं सांध्याच्या जवळ असतं, पाऊल वळून पडल्याचं आठवतं आणि सूज तासाभरात दिसू लागते. स्नायू ताणला असेल तर दुखणं मांडीच्या, पोटरीच्या मधोमध असतं. धावताना, उडी मारताना अचानक कुणीतरी मागून टोचल्यासारखं वाटतं आणि तोच स्नायू आवळायला गेलं की कळ येते. बाहेरून फटका बसून त्वचा न फाटता आत रक्त साकळतं तो मुका मार. पोटरीत गोळा येणं यांत मोडत नाही. तो काही मिनिटांत सुटतो, पाऊल स्वतःकडे ओढलं की लवकर सुटतो.

कमरेत उसण भरणं हाही बहुतेक वेळा स्नायूंचाच ताण. हंडा किंवा सिलिंडर उचलताना भरते. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाकडून पाठीवर पाय फिरवून घेण्याची रीत अजून कितीतरी गावांत आहे आणि लोकांना बरंही वाटतं, कारण साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरतेच. उसणीला शेक चालतो, हिंडणं-फिरणं चालतं, आठवडाभर अंथरूण धरणं मात्र चालत नाही. जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पाय लुळा वाटू लागला, तर ती उसण नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आता मुख्य विषय घोटा, कारण सर्वात जास्त तोच मुरगळतो. किल्ल्यावरून उतरताना घसाऱ्यावर (सुट्या माती-खड्यांच्या उतारावर), कबड्डीत पकडीतून सुटताना, रिक्षातून उतरताना पेव्हर ब्लॉकच्या खड्ड्यात. बहुतेक वेळा तळवा आतल्या बाजूला वळतो, कारण घोट्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट रुंद आणि दणकट असतं, बाहेरच्या बाजूला मात्र तीन वेगवेगळे पट्टे असतात. त्यांतला पुढचा सर्वात नाजूक. तोच आधी जातो.

पहिली दहा मिनिटं: हाड तर गेलं नाही ना?

बसा. बूट सैल करा. पैंजण, जोडवी असतील तर लगेच काढा. हाताचं बोट लचकलं असेल तर अंगठी आणि मनगट असेल तर बांगड्या, कारण सूज चढली की कापाव्या लागतात.

१९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोट्याचा एक्स-रे कधी काढायचा याचे साधे नियम मांडले. आपत्कालीन विभागात येणाऱ्या प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे निघे आणि बहुतेकांत काहीच सापडत नसे, म्हणून. हे नियम आज जगभर वापरले जातात आणि डोंगरावरही वापरता येतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी टेंगळं आहेत त्यांची टोकं आणि मागची कड, टोकापासून वर साधारण ६ सेंटिमीटर, बोटाने दाबत जा. हाडावरच नेमकं दुखतंय का? मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावर, करंगळीच्या रेषेत एक उंचवटा लागतो, तो दाबा. नंतर पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या किंचित पुढे असलेलं हाड. शेवटी उभं राहा आणि चार पावलं टाका. लंगडत टाकली तरी चालतील, पण दोन्ही पायांवर दोनदोनदा भार आला पाहिजे.

यांतल्या एकाही हाडाच्या जागी दुखत नसेल आणि पडल्यावर लगेच किंवा नंतर तपासताना चार पावलं टाकता येत असतील, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. एका जागी जरी 'हो' आलं, किंवा चार पावलं दोन्ही वेळा जमली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. पाय वाकडा दिसत असेल, बोटं गार किंवा निळी पडली असतील, बधिर झाली असतील, जखमेतून हाड दिसत असेल, तर तपासत बसू नका. पाय आहे तसा आधार देऊन बांधा आणि १०८ ला फोन करा.

हा नियम सगळ्यांना लावू नये. लहान मुलांत हाडाच्या टोकाशी वाढीचा मऊ थर असतो आणि तो लिगामेंटच्या आधी दुखावू शकतो, त्यामुळे मूल पाय टेकवत नसेल तर डॉक्टरांकडे न्यायचंच. दारू प्यायलेल्या माणसाच्या 'नाही दुखत'वर विश्वास ठेवू नये. आणि जुना मधुमेह असून पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी तर अजिबात नाही. अशा माणसाचा पाय फारसा न दुखता लाल, गरम आणि सुजलेला दिसला, तर 'कुठेतरी मुरगळला असेल' म्हणून घरी लेप लावत बसणं पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतं.

गुडघ्याचं थोडं वेगळं. पाय रोवलेला असताना शरीर फिरलं, आत 'टक' आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर चालता येत असलं तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

डोंगरावर असाल आणि चालतच उतरायचं असेल, तर हाडाची शंका नसल्यास बूट काढू नका. एकदा काढला की सुजलेला पाय पुन्हा आत जात नाही. लेस सैल करून बोटं हलताहेत, संवेदना आहे एवढं पाहत राहा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. सगळे उलट धरतात.

पहिले दोन-तीन दिवस

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी 'राइस' नावाचं सूत्र रूढ केलं: विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय वर. शाळेच्या प्रथमोपचाराच्या तक्त्यांवर आजही तेच असतं. पुढे २०१४ मध्ये स्वतः मिर्किन यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याला उशीर होऊ शकतो. सूज ही दुरुस्तीचीच सुरुवात असते. म्हणून हल्ली पूर्ण विश्रांतीच्या जागी 'जपून, पण लवकर भार' हा सल्ला आला आहे. बर्फाचं काम वेदना कमी करण्यापुरतं. माझं मत विचाराल तर बर्फ जरूर लावा, वेदना उतरली की माणूस पाऊल हलवायला धजावतो. फक्त तोच उपचार समजू नका.

बर्फ कधीही थेट त्वचेवर नको. ओल्या पंचात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दोन-तीन तासांनी पुन्हा. फ्रीजमधली मटारची पिशवी घोट्याभोवती चांगली बसते. ओढ्याचं गार पाणीही चालतं.

पट्टी म्हणजे चार इंची क्रेप बँडेज. सुरुवात बोटांच्या मागून करायची आणि वर घोट्याकडे, पोटरीकडे जायचं. उलट बांधली तर सूज बोटांत उतरते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा, घोट्याशी इंग्रजी आठच्या आकारात, टाच झाकून. बांधल्यावर नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. झोपताना पट्टी काढा आणि पायाखाली उशा घालून पाऊल छातीहून उंच ठेवा.

दोन गोष्टी आपल्या घरांत हमखास होतात आणि त्यांबद्दल कुणी बजावत नाही. पहिली, मांडी घालून बसणं. मांडी घातली की पाऊल आत वळतं आणि घोट्याची बाहेरची बाजू जमिनीवर दाबली जाते. म्हणजे ज्या दिशेला फाटलं त्याच दिशेला आपण ते तासन्‌तास ताणत बसतो. वज्रासनही तसंच. पहिले दोन-तीन आठवडे जेवायला खुर्चीवर बसा, पूजेलाही. दुसरी, भारतीय पद्धतीचं शौचकूप. उकिडवं बसताना सुजलेल्या घोट्यावर सगळा भार येतो. कमोडची खुर्ची काही दिवसांसाठी भाड्याने मिळते.

गोळी पॅरासिटामॉलची पुरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पावसाळ्यात सोबत ताप असेल तर कुणीच नाही, डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डायक्लोफिनॅकचं जेल वरून लावलं तर पोटाला त्रास कमी. स्प्रेने क्षणभर गार वाटतं, मेंदूचं लक्ष विचलित होतं, आत काही जुळत नाही.

चोळणाऱ्याला आवरा

मला या सगळ्यात सर्वात चिंता वाटते ती प्रेमाने तेल घेऊन बसणाऱ्या हातांची. पहिल्या ४८ ते ७२ तासांत फाटलेल्या जागी बारीक रक्तवाहिन्या अजून पाझरत असतात. चोळलं, शेकलं, गरम पाण्यात बुडवलं की पाझर वाढतो. मांडीवर मोठा मुका मार असेल तर प्रकरण आणखी वाईट, कारण साकळलेल्या रक्ताच्या जागी जोरात मालिश केल्याने स्नायूच्या आत हाड धरू शकतं. हे अक्षरशः खरं आहे, एक्स-रेमध्ये दिसतं. मग महिनोन्‌महिने गुडघा पूर्ण वाकत नाही.

आंबेहळदीचा लेप किंवा लेपगोळी लावायला माझी हरकत नाही, त्वचेला सोसत असेल, जखम नसेल आणि पहिल्या दोन दिवसांत तो कढत नसेल तर. लेपामुळे एक फायदा असाही की लेप वाळेपर्यंत कुणी पायाला हात लावत नाही. झटका देऊन 'शीर बसवणाऱ्या'कडे मात्र जाऊ नका. मुरगळलेल्या घोट्यात बसवण्यासारखं काही जागचं सुटलेलं नसतं, आणि सुटलं असेल तर ते एक्स-रेनंतर डॉक्टरांनीच बसवायचं.

एक्स-रे स्वच्छ आला की घरात सुटकेचा निःश्वास पडतो: 'फ्रॅक्चर नाही, काही झालेलं नाही.' एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही. तो फक्त हाडाबद्दल बोलतो. उलट टोकाला पहिल्याच दिवशी एमआरआयही नको. बहुतेक घोट्यांना तो कधीच लागत नाही. पाच-सहा दिवसांत पाय टेकवणं रोज थोडं सुधारत नसेल किंवा घोटा सारखा दगा देत असेल, तेव्हा पुन्हा दाखवा.

तिसऱ्या दिवसापासून: बाराखडी

फाटलेल्या जागी शरीर नवे तंतू टाकतं. ते आधी पेंढ्यासारखे कसेही पडतात. रोज थोडा थोडा ताण मिळाला तरच ते ताणाच्या दिशेने रचले जातात आणि मजबूत होतात. तीन आठवडे पाय पलंगावर ठेवला तर दुखणं थांबेल, पण मागे राहील ती विस्कटलेली, ताठर जोडणी आणि बारीक झालेली पोटरी.

म्हणून सूज असतानाच, बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची, गुडघा न हलवता, फक्त घोट्यातून. 'क' ते 'ज्ञ' एकदा झालं की घोटा सगळ्या दिशांना फिरून होतो. सौम्य दुखलं तर चालेल. कळ आली किंवा दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर जरा मागे या. चालताना टाच आधी टेकवा, मग बोटं. पाऊल बाहेर फेकून चालण्याची सवय लागली की गुडघा आणि कंबर बोंबलायला लागतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

न लंगडता चालता आलं की भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचलणं, मग एका पायाची टाच. इथवर यायला साध्या लचकीला एक ते तीन आठवडे, अर्धवट फाटलेल्याला तीन ते सहा, पूर्ण तुटलेल्याला तीन महिने किंवा जास्त. लिगामेंटला रक्तपुरवठा स्नायूपेक्षा खूप कमी असतो, म्हणून त्याचं काम संथ. आतली मजबुती पुरती यायला वर्षही लागतं.

एका पायावर

घोटा पुन्हा पुन्हा मुरगळणारी माणसं तुम्हाला माहीत असतील. 'माझा पाय कच्चाच आहे' म्हणतात. लिगामेंटमध्ये पाऊल कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणाऱ्या चेतातंतूंची टोकं असतात. मुरगळताना तीही दुखावतात. मग दगडावर पाऊल तिरकं पडलं की खबर उशिरा पोचते, स्नायू उशिरा आवळतात. याला गोळी नाही, लेप नाही. सराव आहे, आणि त्याने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण घटतं.

सकाळी दात घासताना दुखऱ्या पायावर उभे राहा, ३० सेकंद. दुसऱ्या पायाशी तुलना करा, फरक पाहून आश्चर्य वाटेल. जमलं की डोळे मिटून, भिंतीजवळ. मग उशीवर उभं राहून. नंतर कुणाला तरी चेंडू टाकायला सांगा आणि एका पायावर झेला.

आणि मग लंगडी. सरळ, मग नागमोडी, मग चौकोनात दिशा बदलत. दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतकीच लंगडी बिचकल्याशिवाय घालता आली, की धावायला हरकत नाही: आधी सपाट मैदानावर सरळ, मग वळणं घेत, आणि खेळ सर्वात शेवटी.

स्नायू ताणला असेल तर

पहिले दिवस तसेच, बर्फ, पट्टी, चोळणं बंद. फरक पुढे आहे. मांडीमागचा स्नायू ताणला की लोक लगेच वाकून पायाचे अंगठे धरू लागतात, 'मोकळा' करायला. पहिल्या आठवड्यात हे नको, फाटलेल्या कडा आणखी लांब जातात. आधी हलकं आवळणं: पालथं झोपून टाच किंचित उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. न दुखता जोर यायला लागला की ताण. वेगाने धावणं सर्वात शेवटी आणि आठवड्याभरात टप्प्याटप्प्याने वाढवत, कारण हा स्नायू परतल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच पुन्हा फाटायला टपलेला असतो. बरं झाल्यावर गुडघ्यांवर बसून, कुणीतरी घोटे धरून ठेवलेले असताना, शरीर ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकण्याचा व्यायाम चालू ठेवा. फुटबॉलपटूंमध्ये त्याने या दुखापती लक्षणीय कमी झालेल्या दिसल्या आहेत.

पोटरीबाबत दोन सावधगिऱ्या. टाचेच्या वर 'फट्' आवाज येऊन कुणी मागून लाथ मारल्यासारखं वाटलं, तर पालथे झोपा, पाऊल पलंगाबाहेर लोंबू द्या आणि कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर टाचेमागचा टेंडन तुटलेला असण्याची दाट शक्यता आहे आणि चालता येतंय म्हणून डॉक्टरांना दाखवायचं लांबवायचं नाही. दुसरं, मुरगळल्याचं, ताणल्याचं काहीच आठवत नाही पण एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखतेय, विशेषतः लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण नुकतंच झालेलं असेल, तर ती रक्तवाहिनीतली रक्ताची गुठळी असू शकते. तिथे तर चोळण्याचा विचारही नको, त्याच दिवशी तपासणी.

डोंगरात परतणाऱ्यांनी पहिले सहा महिने तरी घोट्याला लेस बांधायचा ब्रेस (आधारपट्टा) घालावा. त्याने पाय कमजोर होतो ही भीती निराधार आहे, व्यायाम चालू असेल तर. पहिला ट्रेक निवडताना चढाची उंची पाहू नका, उतार कसा आहे ते विचारा. घसारा आणि शेवाळलेला कातळ असलेल्या वाटा पुढच्या मोसमावर ढकला.